क्रीडांगणावरील राष्ट्रपुराणे

खेळ आणि सत्ता यांचे नाते पुरातन आहे. जेथे माणसे हजारोंनी जमतात तेथे सत्तेची दृष्टी वळल्यावाचून राहत नाही. आणि देवाचा उत्सव सोडला तर माणसे खेळाइतकी आपखुशीने दुसऱ्या कशालाही जमत नाहीत. निपाणी-चिकोडीकडील गावांत जत्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचा फड भरतो, हलगी कडाडते, नारळावर लढणाऱ्या पोरांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत माणूस जागचा हलत नाही. त्या फडात पैलवान पुकारला जातो तो त्याच्या गावाच्या, तालमीच्या आणि वस्तादाच्या नावाने. तो जिंकला म्हणजे गाव जिंकते. हा अभिमान निर्मळ असतो, कारण ज्यांनी त्याच्या खुराकाची सोय लावली आणि ज्यांनी आखाड्याची माती मळली, तीच माणसे त्या यशात वाटेकरी असतात. परंतु हाच अभिमान गावाची वेस ओलांडून सरकारच्या हाती जातो, तेव्हा त्याचे रूप पालटते. विजेत्याच्या अंगावरची माती झटकली जाते आणि त्याच्याभोवती एक कथा रचली जाते. हे राष्ट्र एकजीव आहे, बलवान आहे, आणि या यशाचे जनकत्व आजच्या राज्यकर्त्यांकडे आहे, असे ती कथा सांगते. अशा कथेला राष्ट्रपुराण म्हणावयास हरकत नाही. पुराणात सारेच असत्य असते असे नव्हे; मात्र काय सांगावे आणि काय गाळावे हे पुराणिकाच्या मर्जीवर असते.

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात हा प्रकार जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. येथील गावे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्यावरील पाट्या मात्र बदलत गेल्या. बेळगाव जिल्हा ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात होता. स्वातंत्र्यानंतर तो मुंबई राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्याकडे गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नावही बेळगावी असे ठरले. महाराष्ट्राने या भूभागावरील आपला हक्क सोडला नाही आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. एवढ्या पाट्यांखाली ज्या भूमीतील माणसे धावली, झुंजली आणि खेळली, त्यांचा पराक्रम नेमका कोणाच्या खात्यावर मांडावयाचा?

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि बोलका दाखला म्हणजे बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले, त्यांत चौगुले मॅरेथॉन धावले. हिंदुस्थानातून रीतसर निवड करून पाठविलेले ते पहिलेच पथक. पथक अवघे सहा जणांचे. पूर्मा बॅनर्जी हे बंगालचे. चौगुले, सदाशिव दातार आणि कैकिणी हे इकडचे धावपटू. नवले आणि रणधीर शिंदे हे दोघे मल्ल. म्हणजे सहांपैकी पाच जण पश्चिम हिंदुस्थानातील, आणि त्यांपैकी एक बेळगावचा.

हे पथक निघाले कसे, ते पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्या वेळी सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. जिमखान्याच्या शर्यतींत धावणारे बहुतेक तरुण शेतकरी वर्गातील होते आणि ते अनवाणी धावत, असे टाटांनी पुढे लिहून ठेविले आहे. शर्यतीचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, तरी त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीचा आहे, हे टाटांच्या ध्यानात आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे त्यांनी ही गोष्ट मांडली, सरकारची संमती मिळविली आणि काही खेळाडूंचा खर्च पदरचा केला. टाटांचा हेतू उघड होता. जगातील राष्ट्रांच्या पंगतीत हिंदुस्थानचे पान मांडले जावे, अशी त्यांची इच्छा होती. आणि राजकीय स्वातंत्र्य दूर असता ते पान क्रीडांगणावर तरी मांडता येईल, हे त्यांनी ओळखले.

सरकारचा हेतू याहून निराळा होता. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडले होते. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची वेगळी सही घेण्यात आली आणि १९२० साली राष्ट्रसंघाच्या संस्थापक सभासदांतही हिंदुस्थानचे नाव घालण्यात आले. कारभार मात्र लंडनहूनच चालत होता. साम्राज्य हे एक सुखी कुटुंब असून हिंदुस्थान त्यातील कर्ता होऊ घातलेला मुलगा आहे, हे चित्र जगाला दाखविण्याच्या कामी असे पथक उपयोगी पडणारे होते. परंतु त्याच वेळी घरातील स्थिती काय होती? एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बागेत नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस लोकमान्य टिळकांचा अंत झाला आणि त्याच दिवशी असहकाराच्या चळवळीस प्रारंभ झाला. ज्या बेळगावात टिळकांनी १९१६ साली आपल्या होमरूल संघाची स्थापना केली, त्याच बेळगावचा तरुण टिळकांच्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी, १४ ऑगस्ट १९२० रोजी उद्घाटन झालेल्या सामन्यांत ब्रिटिश सत्तेच्या निशाणाखाली उतरला. देशभर त्या निशाणाशी असहकार पुकारला जात असता त्याच निशाणाखाली सहा हिंदी तरुण हिंदुस्थानचे नाव राखण्यासाठी झटत होते. यात विसंगती आहे खरी. परंतु ती त्या खेळाडूंच्या ठायी नव्हती, त्यांना मिळालेल्या पाटीच्या ठायी होती.

अँटवर्पचे सामने हेच मुळी एका राजकीय कथेवर उभे होते. युद्धात होरपळलेल्या बेल्जमचा गौरव व्हावा म्हणून ते सामने तेथे देण्यात आले. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज सामन्यांच्या वेळी तेथे प्रथमच फडकला आणि खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याची चालही तेथूनच पडली. शांततेचा आणि विश्वबंधुत्वाचा हा सोहळा होता. परंतु त्याला जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या पराभूत राष्ट्रांना आमंत्रण नव्हते. बंधुत्वाच्या पंगतीतही जित आणि जेते यांची पाने वेगळी राहिली.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. मार्ग सुमारे ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांबच्या मॅरेथॉनचा. चौगुले यांनी ती पल्लेदार शर्यत दोन तास एक्कावन्न मिनिटांच्या आत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातारांना ती पुरी करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक थोडक्यात हुकले. पथक पदकाविना परतले.

त्या मॅरेथॉनचा निकाल वरून वाचीत आले म्हणजे राष्ट्रपुराणाचा एक वेगळाच धडा मिळतो. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन आणि त्याच्या मागून तेरा सेकंदांच्या आत दुसरा आला इस्टोनियाचा युरी लोसमान. हे दोन्ही देश काही वर्षांपूर्वीपर्यंत रशियन साम्राज्यात होते. १९१२ च्या स्टॉकहोम येथील सामन्यांत कोलेहमायनेनने तीन सुवर्णपदके जिंकली होती. परंतु फिनलंड पारतंत्र्यात असल्यामुळे त्याच्या विजयानंतर ध्वज चढला तो रशियाचा. तो चढलेला पाहून त्याला विजयाचाही विषाद वाटला, असे सांगतात. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला आणि अँटवर्पला त्याच धावपटूसाठी त्याच्या स्वत:च्या देशाचे निशाण चढले. पाय तेच, छाती तीच; निशाण मात्र वेगळे. एकाच रस्त्यावर एक माणूस स्वातंत्र्याच्या निशाणासाठी धावत होता आणि त्याच्या मागे बेळगावचा दुसरा माणूस अशा निशाणाखाली धावत होता, जे त्याच्या देशाने निवडलेले नव्हते. त्या दिवशीच्या निकालपत्रकात दोघांपुढे देशाची नावे सारख्याच अक्षरांत छापली गेली असतील. पण त्या नावांमागील अर्थ किती भिन्न होता!

आता चौगुले यांच्या नावाकडेच पाहावे. फडेप्पा, दरेप्पा ही नावे कानडी वळणाची. चौगुले हे आडनाव मराठी मुलखात घरोघर आढळणारे. सीमाभागात असे नाव ऐकून कोणी चकित होत नाही. तेथे एकाच घरात देव्हाऱ्याची भाषा एक आणि बाजाराची दुसरी असते. लग्नसंबंध दोन्हीकडे होतात. शेतात एका बोलीत दिलेली हाक दुसऱ्या बोलीत ओ देऊन ऐकली जाते. परंतु राष्ट्रपुराणाला असे दुपदरी नाव मानवत नाही. त्याला नायक एकाच रंगाचा लागतो. म्हणून कोणी फडेप्पा या नावावर बोट ठेवून त्यांना कर्नाटकाचे सुपुत्र म्हणेल, तर कोणी चौगुले या आडनावावर जोर देऊन त्यांना मराठी मातीचा वीर ठरवील. १९२० साली ही दोन्ही राज्ये अस्तित्वात नव्हती. धावणारा माणूस होता तो बेळगावचा.

पाटीचा हा वाद केवळ सीमाभागातच आहे असे नाही. कलकत्त्यास जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड १९०० साली पॅरिसच्या सामन्यांत दोन रौप्यपदके जिंकून गेला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती पदके भारताच्या नावावर दाखविते, तर मैदानी खेळांची जागतिक संघटना त्याची गणना ब्रिटनच्या खेळाडूंत करते. एकच माणूस, तीच पदके आणि दोन देशांच्या दोन यादी. मृत खेळाडूला कोणी विचारावयास जात नाही, म्हणूनच तो सर्वांना सोयीचा असतो.

सामन्यांच्या आडून राष्ट्रपुराण रचण्याची कला पूर्णत्वास नेली ती नाझी जर्मनीने. १९३६ चे सामने बर्लिनला देण्याचा निर्णय १९३१ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच झाला होता. परंतु हाती आलेली संधी त्याच्या प्रचारखात्याने दवडली नाही. ग्रीसमधील ऑलिंपियाहून धावपटूंनी ज्योत हातोहात आणावयाची ही प्रथा आज अनादि वाटते. ती सुरू झाली बर्लिनच्या त्या सामन्यांपासून. प्राचीन ग्रीसचा वारसा थेट नव्या जर्मनीकडे आला, असे त्या ज्योतीने जगाला न बोलता सांगितले. सामन्यांच्या दिवसांत ज्यूंविरुद्धचे फलक रस्त्यांवरून उतरविण्यात आले. जिप्सी कुटुंबांना शहराबाहेर मार्त्सान येथील छावणीत आधीच कोंडण्यात आले होते. पाहुण्यांना झाडलेले अंगण दिसले. केर कोठे लोटला होता ते दिसले नाही.

त्या सोहळ्यात मराठी मंडळीही होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले आणि हुतूतू, मल्लखांब यांसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने युरोपियनांना दाखविली. वऱ्हाडातील तरुणांनी समुद्र ओलांडून मिळविलेली ही वाहवा खरीच स्पृहणीय होती. तथापि ती प्रात्यक्षिके होती, ऑलिंपिकमधील पदकाची स्पर्धा नव्हती. पुढे सांगणाऱ्यांनी हा भेद पुसून टाकला आणि हुतूतू जणू ऑलिंपिकमध्येच खेळला गेला, असे लिहिण्याची रीत पडली. हॉकीच्या अंतिम सामन्यात १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. त्यावरही हिटलरने ध्यानचंदांना आपल्या सैन्यात मोठा हुद्दा देऊ केल्याची आख्यायिका उभी राहिली. तिला भक्कम समकालीन आधार दाखविता येत नाही. खुद्द ध्यानचंदांनी जी हकीगत नमूद केली आहे ती मात्र याहून साधी आणि याहून हृद्य आहे. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनी त्याला प्रणाम केला. मैदानावर ब्रिटिशांचे निशाण आणि बंद खोलीत तिरंगा! या गोष्टीत कोणा सरकारचा हात नाही, कोणाची आज्ञा नाही. राष्ट्राभिमान आणि राष्ट्रपुराण यांत अंतर कोठे आहे, हे त्या खोलीने दाखवून दिले.

स्वतंत्र भारताच्या कथेत हेच अंतर खाशाबा जाधवांच्या चरित्रात उमटले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने, आणि तेथे त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ च्या हेलसिंकीच्या वारीसाठी पैसा उभा करण्याचा प्रश्न आला, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीतही पुराणाची सामग्री भरपूर होती. अँटवर्पचा विजेता कोलेहमायनेन आता बासष्ट वर्षांचा झाला होता. स्टेडियमच्या उंच मनोऱ्यावरील ज्योत त्याच्या हस्ते पेटविण्यात आली. युद्धात दोनदा रशियाशी झुंजलेल्या फिनलंडने आपण ताठ उभे आहो हे जगाला दाखविले; तर प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या सोव्हिएत संघाने आपल्या खेळाडूंची वस्ती वेगळी ठेविली. या दोन कथांच्या मधोमध उभ्या असलेल्या खाशाबांच्या पाठीशी कोणतीही कथा नव्हती. जपानच्या इशीईशी लांबलेल्या कुस्तीनंतर पुरता विसावा न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले, आणि हरकत घेण्यास भारतीय पथकाचा अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. तरीही ते कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे जावी लागली.

कऱ्हाडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती लोकांनी काढली होती. गहाण पडलेले घर सोडविण्यासाठी खाशाबांनीच कुस्त्यांचे फड भरविले. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी दिल्लीच्या कुस्तीगृहाला त्यांचे नाव देण्यात आले आणि २०२४ पासून १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला. हे सारे योग्यच झाले. प्रश्न इतकाच की, राष्ट्राला आपल्या वीराची आठवण होण्यास स्वत:च्या दारी जगातील पाहुणे यावे लागतात काय? सन्मानफलकावर पदकाचे वर्ष येते. प्राचार्यांच्या घराचे गहाणखत येत नाही.

पुन्हा सीमाभागाकडे वळावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. गावोगाव मोर्चे, हरताळ आणि अटकसत्र यांचे दिवस होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले. भारताच्या हॉकी संघावर त्या साऱ्या स्पर्धेत एकही गोल झाला नाही. संघाचा गोलरक्षक शंकर लक्ष्मण हा महूचा. नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, जिचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. ज्या शहराच्या रस्त्यांवर कोणाचे राज्य असावे यासाठी लोक तुरुंगात जात होते, त्या शहरातील पलटणीचा जवान साऱ्या भारताचे गोलद्वार राखीत होता. १९६४ साली टोकियोत भारताने पुन्हा सुवर्णपदक जिंकले, तेव्हा शंकर लक्ष्मण संघात होताच. शिवाय बेळगावचे बंडू पाटीलही त्या संघात होते. त्या सामन्यांत जपानने आपल्या पुनर्जन्माची कथा सांगितली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, अणुबाँब पडला त्याच दिवशी, हिरोशिमा प्रांतात जन्मलेल्या तरुणाच्या हातून त्याने ज्योत पेटविली. भारतात त्या सुवर्णपदकावर दिल्लीने राष्ट्रीय एकात्मतेचे धडे दिले. परंतु शंकर लक्ष्मणचे उत्तरायुष्य महूत हलाखीत गेले आणि २००६ साली पायाच्या दुखण्याने त्याचा अंत झाला, तेव्हा त्या धड्यांची कोणास फारशी आठवण राहिली नव्हती.

चिकोडी तालुक्यातील एकसंबा गावचे श्रीपती खंचनाळे हेही याच मातीतले. तालीम कोल्हापूरची, जेथे शाहू महाराजांनी खासबागेचे भव्य कुस्ती मैदान उभारले. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला चीत करून खंचनाळे हिंद केसरी झाले आणि महाराष्ट्रात पहिले हिंद केसरी म्हणून त्यांची ख्याती झाली. त्या वर्षी त्यांचे जन्मगाव म्हैसूर राज्यात होते, तालीम मुंबई राज्यात होती आणि किताब साऱ्या हिंदचा होता. पैलवानाला यात काही अडचण वाटली नाही. एकसंब्याचा पोर कोल्हापूरच्या मातीत घडतो ही त्या मुलखाची जुनीच रीत. अडचण येते ती नकाशावर रंग भरणाऱ्यांना.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, राष्ट्राला कथा लागतातच. नव्याने स्वतंत्र झालेल्या, शेकडो भाषांच्या आणि अनेक धर्मांच्या देशाने मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई सामने भरविले, त्यात वाईट ते काय? वाईट काहीच नाही. गुलामगिरीतून नुकतीच सुटलेली राष्ट्रे एकमेकांच्या शेजारी उभी राहिली, हे दृश्य पाहून त्या पिढीची मान उंचावली आणि ती उंचावणे रास्त होते. परंतु अवघ्या अकरा वर्षांनी, १९६२ साली, जकार्ताच्या आशियाई सामन्यांत याच बंधुभावाचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. इंडोनेशियाच्या सरकारने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी नियमावर बोट ठेवताच जकार्तात भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला, आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्यात भारतीय संघाला साऱ्या प्रेक्षागाराच्या हुर्योत खेळावे लागले. तो सामना भारताने जिंकला. त्याच जकार्ताहून सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आले. पैलवानाने आपले काम चोख केले; बंधुत्व मोडले ते राज्यकर्त्यांनी.

म्हणजे कथा असणे हा दोष नव्हे. कथेने सत्य झाकावे, हा दोष. १९७८ साली अर्जेंटिनात विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना रंगला, त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर म्हणता येईल अशा ठिकाणी, नौदलाच्या विद्यालयात, लष्करी राजवटीचे कैदी छळ सोसत होते. सामन्याचा जयघोष त्यांच्या भिंतीपर्यंत पोहोचत होता. जेथे जयघोष फार मोठा असतो, तेथे दुसरे काही ऐकू येऊ नये अशी कोणाची तरी इच्छा तर नाही ना, हे सुजाण नागरिकाने तपासावे.

हा विचार आज अधिकच आवश्यक झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने २०३६ चे ऑलिंपिक आपल्याकडे भरविण्याची इच्छा आंतरराष्ट्रीय समितीला लेखी कळविली. ते सामने येतील किंवा न येतील. आले तर मोठ्या कथा रचल्या जातील, चौगुले, जाधव, ध्यानचंद यांची चित्रे भिंतीभिंतीवर चढतील आणि प्रत्येक राज्य आपापल्या सुपुत्रांची यादी पुढे करील. त्या वेळी प्रत्येक चित्रापुढे दोन साधे प्रश्न विचारावेत. हा माणूस जिंकण्यापूर्वी त्याच्या खर्चाची तरतूद कोणी केली? आणि टाळ्या थांबल्यानंतर त्याच्या दारी कोण गेले? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनी त्या यशावर हक्क सांगावा. इतरांनी टाळ्या वाजवाव्यात. तोही काही लहान मान नव्हे.

हाच निकष सीमेच्या दोन्ही बाजूंनी स्वत:लाही लावला पाहिजे. मराठी माणसाच्या भाषेचा आणि शाळेचा प्रश्न न्याय्य आहे. तो कागदपत्रांच्या, लोकसंख्येच्या आणि लोकेच्छेच्या बळावर मांडण्याजोगा आहे. त्यासाठी कोण्या धावपटूच्या आडनावाची साक्ष काढण्याचे कारण नाही. आणि प्रतिपक्षालाही त्याच्या पहिल्या नावावरून भूमीचा निवाडा करता येणार नाही. न्याय्य प्रश्नाला पुराणाची जोड दिली म्हणजे प्रश्न बळकट होत नाही, पुराणच तेवढे फुगते.

बेळगाव आणि निपाणीच्या शाळांत, मग त्या मराठी असोत वा कानडी, मुलांना चौगुल्यांची गोष्ट सांगावी. ती सांगताना त्यांचा क्रमांक लपवू नये. जगातील निवडक धावपटूंत, परक्या हवेत, परक्या निशाणाखाली, बेळगावचा एक तरुण ४२.७५ किलोमीटर धावला आणि एकोणिसावा आला, हे सत्य कोणत्याही कल्पित विजयाहून मुलांच्या अधिक उपयोगाचे आहे. त्यांतील बहुतेकांना आयुष्यात पहिला क्रमांक मिळणार नाही. शर्यत मात्र पुरी करावी लागणार आहे. आणि ही गोष्ट दोन्ही भाषांत अक्षरश: सारखी सांगता आली, तर सरकारांना जे साधले नाही ते शाळांनी साधले असे होईल.